विष नियंत्रण केंद्रे: उपयोग, अर्थकारण आणि निधीची अडचण

औद्योगिक सुरक्षा या विषयात आपण अग्निशमन, वायुगळती आणि वैयक्तिक संरक्षक साधने शिकतो. पण एखादे रसायन माणसाच्या पोटात, डोळ्यांत किंवा फुफ्फुसांत गेले, तर पुढच्या दहा मिनिटांत नेमके काय करायचे आणि कोणाला विचारायचे, हे बहुतेक पाठ्यपुस्तकांत एका ओळीत संपते: "डॉक्टरांना बोलवा." डॉक्टरांनाही त्या विशिष्ट रसायनाची माहिती हवी असते. ती माहिती देणारी संस्था म्हणजे विष नियंत्रण केंद्र किंवा विष माहिती केंद्र. या पाठात आपण तीन गोष्टी पाहू: हे केंद्र काम कसे करते, त्याचा फायदा मोजायचा कसा, आणि फायदा दिसत असूनही या केंद्रांना पैशांसाठी का झगडावे लागते.

१. माहितीची गरज नेमकी कुठे पडते?

विषबाधेत पदार्थाच्या नावाने फसगत होते. आपल्याकडे "उंदराचे औषध" हा एकच शब्द आहे, पण बाजारात त्या नावाखाली किमान तीन वेगळी रसायने मिळतात. झिंक फॉस्फाइडपासून पोटात फॉस्फिन वायू तयार होतो. पिवळा फॉस्फरस यकृतावर घाला घालतो आणि मधले एक-दोन दिवस रुग्ण बरा वाटू शकतो. ब्रोमॅडिओलोन रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते, त्यावर के जीवनसत्त्व हा उतारा आहे, आणि लहान मुलाने चुकून थोडेसे चाटले असेल तर बहुधा मोठा धोका नसतो. तिन्हींवरचे उपचार वेगळे, निरीक्षणाचा काळ वेगळा. वेष्टनावरचे रासायनिक नाव वाचून दाखवले, तर अर्धे निदान तिथेच होते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना जवळचे उदाहरण हायड्रोफ्लुओरिक आम्लाचे. काच आणि सिलिकॉन कोरताना ते वापरतात. सौम्य द्रावण त्वचेवर पडले तर सुरुवातीला फारसे काही जाणवत नाही. वेदना काही तासांनी सुरू होते. तोवर फ्लुओराइड आत शिरून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकू लागलेले असते. भरपूर पाण्याने धुणे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावणे हा उपाय आहे. साध्या भाजण्याचे मलम इथे उपयोगी नाही. ही गोष्ट तालुक्याच्या दवाखान्यातल्या प्रत्येक डॉक्टरांना तोंडपाठ असावी अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. ती माहीत असणारा एक माणूस फोनवर उपलब्ध असणे पुरेसे आहे.

माहिती नसली की काय होते, हे देशाने मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये हजारो लोक रुग्णालयांत पोहोचले, तेव्हा आपण कोणत्या वायूवर उपचार करतो आहोत हे तिथल्या डॉक्टरांना माहीत नव्हते. सोडियम थायोसल्फेट द्यावे की नाही, हा वाद त्यानंतर बराच काळ चालला. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामण गावात शाळेचे मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेले होते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि मजूर रुग्णालयात दाखल झाले, अनेकांचा मृत्यू झाला. तिथे एकापेक्षा जास्त कीटकनाशके मिसळून फवारली जात होती, त्यामुळे कोणत्या विषावर उपचार करायचे हाच पहिला प्रश्न होता.

२. केंद्र काम कसे करते?

बाहेरून पाहिले तर हे एक कॉल सेंटर आहे. फोन उचलणारी व्यक्ती मात्र विषशास्त्राचे खास प्रशिक्षण घेतलेली परिचारिका, औषधनिर्माता किंवा डॉक्टर असते, आणि तिच्या मागे वैद्यकीय विषतज्ज्ञ व माहितीचा साठा असतो. तिचे प्रश्न ठरलेले असतात: काय गेले, किती गेले, केव्हा गेले, कोणत्या मार्गाने गेले, रुग्णाचे वय आणि वजन किती, आत्ता लक्षणे कोणती, आणि आतापर्यंत घरात काय उपाय केले.

यातला प्रत्येक प्रश्न का विचारतात, ते एका उदाहरणाने पाहू. १२ किलो वजनाच्या मुलाच्या हातात पॅरासिटामॉलच्या सिरपची ६० मिलिलिटरची बाटली सापडली आणि ती अर्धी रिकामी आहे. सिरपमध्ये दर ५ मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम औषध आहे.

सगळी रिकामी बाजू मुलानेच प्यायली असे धरले तर: ३० मिलिलिटर × ५० मिलिग्रॅम = १५०० मिलिग्रॅम; भागिले १२ किलो = १२५ मिलिग्रॅम प्रति किलो.

आता फोनवरून विचारले जाते, "बाटली आधी किती भरलेली होती?" आईला आठवते की गेल्या आठवड्यात तापात २० मिलिलिटर दिले होते. म्हणजे मुलाने जास्तीत जास्त १० मिलिलिटर प्यायले: ५०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ४२ मिलिग्रॅम प्रति किलो.

एका वेळची नेहमीची मात्रा १० ते १५ मिलिग्रॅम प्रति किलो असते. त्यामुळे दोन्ही आकडे नेहमीपेक्षा जास्त आहेत, पण दोन्हींवरचा निर्णय सारखा नसतो. शिवाय बाटली सिरपची नसून थेंबांची असेल आणि तीत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असेल, तर सगळे आकडे दुप्पट होतात. तज्ज्ञ हे गणित करतात, मार्गदर्शक मर्यादेशी ताडून पाहतात आणि सांगतात: घरीच लक्ष ठेवा, किंवा लगेच निघा. घरी ठेवायचे ठरले तर काही तासांनी केंद्रातूनच पुन्हा फोन येतो. हे गणित समजण्यासाठी दिले आहे. प्रत्यक्ष प्रसंगात ते स्वतः करून निर्णय घेऊ नये.

केंद्राचे दुसरे काम म्हणजे चुकीचे उपाय थांबवणे. रॉकेल प्यायलेल्या मुलाला ओकारी करवली तर ते फुफ्फुसांत जाण्याचा धोका वाढतो. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. आम्ल किंवा अल्कली गिळल्यावर ओकारी झाली तर अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. "दूध पाजा, तूप पाजा" हे सल्ले शेजारपाजारहून लगेच मिळतात. योग्य सल्ला तितक्याच लवकर मिळावा, यासाठीच ही व्यवस्था आहे.

तिसरे काम नोंदींचे. अमेरिकेत सर्व केंद्रांच्या नोंदी एका राष्ट्रीय साठ्यात जवळजवळ लगोलग जमा होतात. २०१२ च्या सुमारास कपडे धुण्याच्या द्रव साबणाच्या रंगीत पुड्या बाजारात आल्या आणि लहान मुले त्या गोळ्या समजून तोंडात घालू लागली, हे या नोंदींतूनच पुढे आले. त्यानंतर वेष्टने आणि डबे बदलावे लागले. एका डॉक्टरांना असा एखादाच रुग्ण दिसतो; देशभरचे आकडे एकत्र आले की त्यामागचा सामायिक धागा दिसतो.

३. अमेरिकेतला प्रवास

पहिले केंद्र १९५३ मध्ये शिकागो येथे सुरू झाले. डॉ. एडवर्ड प्रेस आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. लुई गडालमन नावाचे औषधनिर्माते घरगुती पदार्थांतील रसायनांची माहिती कार्डांवर टिपून ठेवत, आणि ती कार्डे या कामाचा पाया ठरली. कल्पना इतकी लोकप्रिय झाली की १९७० च्या दशकाच्या अखेरीस केंद्रांची संख्या सहाशेच्या वर गेली. पण त्यातली बरीच म्हणजे आपत्कालीन विभागातला एक फोन आणि शेजारी कार्डांचा खोका, इतकीच होती. पुढे छोटी केंद्रे बंद होऊन किंवा एकत्र होऊन प्रादेशिक केंद्रे तयार झाली. आज तिथे सुमारे ५५ केंद्रे आहेत. २००० मध्ये केंद्रीय कायद्याने त्यांना निधी मिळू लागला आणि २००२ पासून साऱ्या देशासाठी एकच मोफत क्रमांक आहे.

ही केंद्रे माणसांच्या विषबाधेची वर्षाला सुमारे वीस लाख प्रकरणे हाताळतात. म्हणजे सरासरी दर सोळा सेकंदांना एक. यातली सुमारे दोन तृतीयांश प्रकरणे रुग्णालयात न जाता, फोनवरच्या सल्ल्याने मिटतात.

४. फायदा मोजायचा कसा?

फायद्याचे साधे सूत्र असे मांडता येईल:

लाभ = फोनची संख्या × टळलेल्या रुग्णालय-फेऱ्यांचे प्रमाण × एका फेरीचा खर्च

समजा (हे आकडे निव्वळ कल्पित आहेत) एका केंद्राचा वार्षिक खर्च १ कोटी रुपये आहे. घरांतून वर्षाला १०,००० फोन येतात. त्यातील निम्मे लोक फोन नसता तर रुग्णालयात गेले असते, आणि एका फेरीचा खर्च ४,००० रुपये येतो. लाभ = १०,००० × ०.५ × ४,००० = २ कोटी रुपये. लाभ-खर्च गुणोत्तर २.

आता फोन १०,००० ऐवजी २,००० च येतात असे धरा. लाभ ४० लाख, गुणोत्तर ०.४. केंद्र तेच, माणसे तीच, कौशल्य तेच. तरी कागदावर केंद्र तोट्यात. हे गुणोत्तर लक्षात ठेवा, पुढे ते लागणार आहे.

अमेरिकेतील केंद्रांच्या संघटनेने २०१२ मध्ये लेविन ग्रुप या सल्लागार संस्थेकडून असा हिशेब करून घेतला. त्यात खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे १३ डॉलरची बचत होते, असा निष्कर्ष निघाला. अहवाल संघटनेनेच करवून घेतलेला होता, हे वाचताना ध्यानात ठेवावे. त्यात टळलेल्या फेऱ्यांबरोबरच रुग्णालयातले कमी झालेले दिवस आणि वाचलेले कामाचे दिवसही पैशांत धरले आहेत. आकडा तेराच आहे की सहा, यावर वाद होऊ शकतो. तो एकापेक्षा जास्त आहे का, हा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर शोधायला केंद्र बंद पडल्यावर काय झाले, हे पाहणे उपयोगी पडते. लुइझियाना राज्याने १९८८ मध्ये आपले केंद्र बंद केले. शेजारच्या भागातील, केंद्र चालू असलेल्या अलाबामा राज्याशी तुलना केल्यावर दिसले की लुइझियानातले लोक किरकोळ प्रसंगीही थेट रुग्णालय गाठत होते, आणि त्यामुळे वाढलेला खर्च वाचवलेल्या अनुदानापेक्षा मोठा होता. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीतून केंद्राला थेट फोन लागणे काही काळ बंद होते. त्या काळाच्या अभ्यासातूनही तोच निष्कर्ष निघाला: केंद्राचा रस्ता बंद केल्याने खर्च वाचला नाही, तो दुसऱ्या खात्यात गेला.

५. मग पैसा का मिळत नाही?

पहिले कारण, खर्च एकाचा आणि बचत दुसऱ्याची. केंद्र चालवते एखादे रुग्णालय किंवा आरोग्य खाते. टळलेल्या फेरीचा पैसा वाचतो कुटुंबाचा, विमा कंपनीचा किंवा दुसऱ्याच रुग्णालयाचा. फोनवरच्या सल्ल्याचे बिल कोणी देत नाही, आणि ते लावूही नये. शुल्क असेल तर गरीब माणूस फोन करणार नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य लाभ म्हणतात. ज्याच्या हिशेबवहीत फक्त खर्च दिसतो, तो काटकसरीच्या वर्षी हाच खर्च आधी कापतो.

दुसरे कारण, स्थिर खर्च. आठवड्यात १६८ तास असतात. एका माणसाचे ४८ तास धरले तर एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरून पाच. दिवसाला तीन फोन येवोत की तीनशे, ही किमान पाच माणसे लागणारच. रात्रपाळी बंद करून पैसे वाचवता येतात, पण ज्या घरात रात्री दोन वाजता मूल काही गिळते, त्या घरासाठी ते केंद्र अस्तित्वातच नसते.

तिसरे कारण, यश दिसत नाही. जे मूल घरीच बरे राहिले, त्याची बातमी होत नाही. पूल बांधला की उद्घाटन होते; टळलेल्या घटनेचे उद्घाटन कसे करणार?

चौथे कारण अलीकडचे आहे. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत एकूण फोन घटले आहेत, कारण लोक आधी इंटरनेटवर शोधतात. पण गंभीर प्रकरणांचे प्रमाण वाढले आहे आणि एकेका प्रकरणाला अधिक वेळ लागतो. फक्त फोन मोजणाऱ्या अधिकाऱ्याला काम कमी झाल्यासारखे वाटते.

या कारणांचा परिणाम प्रत्यक्षात दिसला आहे. २००९ च्या आर्थिक संकटात कॅलिफोर्नियाने आपल्या केंद्रांचा राज्य निधी पूर्ण काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला. केंद्रे वाचली, पण कमी राज्य निधी आणि इतर योजनांतून जमवलेल्या पैशांवर. २०११ मध्ये केंद्रीय निधीत सुमारे एक चतुर्थांश कपात झाली. केंद्रीय निधी हा एकूण खर्चाचा लहान भाग असतो. उरलेला राज्ये, यजमान रुग्णालये आणि देणग्या यांतून दरवर्षी नव्याने जमवावा लागतो.

ब्रिटनने रचना बदलून पाहिली. तिथली राष्ट्रीय विष माहिती सेवा सर्वसामान्यांचे फोन घेत नाही. डॉक्टर आणि परिचारिकांना टॉक्सबेस हा ऑनलाइन साठा वापरायला मिळतो, गुंतागुंतीच्या प्रकरणात विषतज्ज्ञांशी बोलता येते, आणि जनतेसाठी १११ हा सर्वसाधारण आरोग्य क्रमांक आहे. यात तज्ज्ञ कमी लागतात. पण ही रचना चालते ती १११ वरचा माणूस प्रशिक्षित असतो म्हणून. ती उचलून दुसरीकडे ठेवण्यापूर्वी ही अट तपासावी लागेल.

६. भारतात स्थिती काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जानेवारी २०२३ मध्ये तिच्या सदस्य देशांपैकी फक्त ४७ टक्के देशांत विष केंद्र होते. भारत त्या ४७ टक्क्यांत येतो. नवी दिल्लीच्या एम्समध्ये औषधशास्त्र विभागात १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र चालते. ते चोवीस तास सुरू असते आणि त्याचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. कोची आणि चेन्नईसह आणखी मोजक्या ठिकाणी अशी केंद्रे उभी राहिली.

पण केंद्र असणे वेगळे आणि ते वापरात असणे वेगळे. एम्सच्या केंद्राच्या प्रसिद्ध अभ्यासानुसार एप्रिल १९९९ ते मार्च २००२ या तीन वर्षांत तिथे सुमारे २,७०० फोन आले, म्हणजे दिवसाला अडीच. इतक्या मोठ्या देशात विषबाधा इतकी कमी होती, असे कोणी म्हणणार नाही. लोकांना, आणि बऱ्याच डॉक्टरांनाही, हा क्रमांक माहीत नव्हता. इथे चौथ्या भागातले ०.४ हे गुणोत्तर आठवा. फोन कमी म्हणून निधी कमी, निधी कमी म्हणून प्रसिद्धी नाही, प्रसिद्धी नाही म्हणून फोन कमी. नियंत्रण प्रणालीच्या भाषेत हे स्वतःलाच बळ देणारे चक्र आहे, आणि बाहेरून धक्का दिल्याशिवाय ते सुटत नाही.

आपल्याकडे आणखी दोन अडचणी आहेत. एक भाषेची: घाबरलेला माणूस आपल्या मातृभाषेतच बोलतो, आणि एका शहरातल्या केंद्राने मराठी, तमिळ, ओडिया, आसामी अशा सगळ्या भाषांत उत्तरे देणे अवघड आहे. दुसरी उताऱ्यांची: कोणता उतारा द्यायचा हे कळले, तरी तो जवळ मिळेल याची खात्री नसते. क्वचित लागणारे आणि मुदत संपून वाया जाणारे औषध साठवायला कोणी राजी नसते. सर्पदंशाच्या बाबतीत २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला आणि काही राज्यांत १५४०० ही मदतवाहिनी सुरू झाली. इतर विषांसाठीही राज्यनिहाय केंद्रे आणि त्यांना जोडलेली उताऱ्यांच्या साठ्याची नोंद असावी, असे माझे मत आहे. नवी इमारत त्यासाठी लागत नाही. १०८ आणि ११२ वर येणारा विषबाधेचा फोन थेट तज्ज्ञांकडे वळवता आला, तरी सुरुवात होईल.

७. सारांश

विष नियंत्रण केंद्र योग्य माहिती योग्य वेळी पोहोचवते. त्यामुळे अनावश्यक फेऱ्या टळतात, आवश्यक फेऱ्यांना उशीर होत नाही, आणि नोंदींतून नवे धोके लवकर कळतात. केंद्र बंद पडल्यावर झालेले अभ्यास सांगतात की खर्च कमी होत नाही, तो फक्त जागा बदलतो. निधीची अडचण येते ती स्थिर खर्च, बाह्य लाभ आणि न दिसणारे यश यांमुळे.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने तीन गोष्टी आजच कराव्यात: वरचा क्रमांक मोबाइलमध्ये आणि भिंतीवर लिहून ठेवा, रसायन मूळ डब्यातच ठेवा, पाण्याच्या बाटलीत कधीही नको, दवाखान्यात जाताना डबा किंवा त्याच्या वेष्टनाचे छायाचित्र बरोबर न्या. रुग्ण बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा श्वास घेणे जड जात असेल, तर आधी १०८ किंवा ११२.

८. स्वाध्याय

१. चौथ्या भागातील कल्पित केंद्राचे लाभ-खर्च गुणोत्तर नेमके १ येण्यासाठी वर्षाला किती फोन यायला हवेत?

२. केंद्र फक्त दिवसा १२ तास चालवले तर खर्च निम्मा होईल का? लाभही निम्माच होईल का? कारणे द्या.

३. तुमच्या महाविद्यालयातील एका प्रयोगशाळेतील पाच रसायने निवडा. प्रत्येकाच्या सुरक्षा माहितीपत्रकावरून प्रथमोपचार लिहा, आणि त्यावर उतारा असल्यास तो जवळच्या रुग्णालयात मिळतो का ते विचारून नोंदवा.

४. तुमच्या राज्यासाठी अमेरिकी आणि ब्रिटिश रचनांपैकी कोणती अधिक योग्य ठरेल? भाषा, डॉक्टरांची संख्या आणि फोन वळवण्याची सोय लक्षात घेऊन ३०० शब्दांत मांडा.